फेऱ्या

आमच्या शहराचं नावच नाव.
वूच: पोलिश भाषेत होडी.
नदी मात्र पाहिलेली नाही कुणी.
कापडगिरण्यांनी तिला केव्हाच
रस्त्याखालच्या नळांत घातली
आणि वरून रूळ टाकले.
त्या रुळांवरून तेहतीस वर्षं मी ट्राम हाकली,
म्हणजे हिशेबाने रोज पाण्यावरूनच गेले,
पण एकसष्टी उलटली तरी
पोहायला काही येत नव्हतं.

गुडघ्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला.
जिने बंद. लांब चालणं बंद. पोहा.
या वयात? मी विचारलं,
तोवर ते पुढच्या पेशंटला हाक मारत होते.

नोव्हेंबर. सकाळचे सव्वासहा. बाहेर अंधार, उणे तीन.
आत दिवे, क्लोरीनचा वास,
ओल्या फरशीवर दुसऱ्यांच्या पावलांचे ठसे.
रबरी टोपीत डोकं कोंबून आरशात बघितलं:
एक सोललेलं अंडं,
आणि त्याला माझ्या आईच्या भुवया.

मंदगती लेनमध्ये आम्ही तिघं.
एलिगिउश, गिरणीतला जुना रंगारी,
उताणाच पोहतो, मागे बघत नाही,
डोकं आपटलं की भिंतीलाच माफ करा म्हणतो.
लुडोमिरा केस सेट करून येते,
हनुवटीच्या वर पाण्याला परवानगी नाही.
आणि मी. पहिल्या दिवशी पंचवीस मीटर,
त्यातले बारा दोरी धरून,
उरलेले कसे गेले ते सांगण्यासारखं नाही.
नाकातून पाणी थेट कपाळात.

शिकवणारी कोर्नेलिया, माझ्या भाचीएवढी,
काठावर उकिडवी बसून म्हणाली,
तुम्ही श्वास नुसता घेता. सोडत नाही.
आतला सोडला नाही तर पुढचा मावणार कुठे?
मग म्हणाली, आणि हा उजवा पाय.
सारखा खाली दाबून धरलाय तुम्ही.
काय आहे तिथे?

काय आहे तिथे.
आमच्या उजव्या पायाखाली एक पेडल असायचं.
ते दाबलेलं असेपर्यंत गाडी चालते.
ड्रायव्हरला झोप लागली, ड्रायव्हर मेला, पाय सुटला
की गाडी जागच्या जागी उभी.
म्हणजे तेहतीस वर्षं माझा हा पाय
जिवंत आहे, जिवंत आहे
एवढंच कळवत होता.
लुत्सियान गेला त्या दिवशी
माझी दुपारची पाळी होती.
निरोप शेवटच्या थांब्यावर मिळाला.
तोवर दाबूनच होता.

हे मी कोर्नेलियाला सांगितलं नाही.
तोंडात पाणी होतं.

तशा फेऱ्या मला नवीन नाहीत.
टोकाला जायचं, वळायचं, परत यायचं,
त्याचंच नाव दिवस.
इथे फक्त कुणी चढत नाही,
दारात छत्री अडकत नाही,
दारू प्यालेला कुणी मला
स्वतःच्या लग्नाची गोष्ट सांगत नाही.
तळाशी काळी रेघ,
रुळासारखी, पण एकटीच.
आणि कान पाण्यात असले की
घंटा वाजवायची हुक्की हळूहळू जाते.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी,
सातवी फेरी असेल, किंवा आठवी, मोजणी चुकलेली,
एलिगिउशची टाच चुकवायच्या नादात
पाय उचलला गेला.
आणि काही थांबलं नाही.
भिंत आपली जवळ येत राहिली.

परतताना चौदा नंबर पकडते.
लोकरी टोपीखाली केस ओले,
मांडीवर भिजक्या टॉवेलचं ओझं,
हातात पाव, चीजसकट, भर ट्राममध्ये,
तेहतीस वर्षं मी लोकांना बजावलं होतं, इथे खायचं नाही.
चालवणारा पोरगा नवा आहे.
वळणावर आम्ही सगळे पुढे कलंडतो,
माझा उजवा पाय फरशीत रुततो.
आठवतं. उचलते.
ट्राम चालूच.
ब्रेक फार उशिरा लावतो पण हा,
सांगायला हवं कुणीतरी.