स्पिरिट लावायचं नाही

असं रक्त काढताना
स्पिरिटचा बोळा लावायचा नाही.
साबणपाण्यानं हात पुसायचा, वाळू द्यायचा,
नाहीतर कोर्टात वकील म्हणतो,
दारू आरोपीची नव्हती, कापसाची होती.
हे मला उईके जमादारानं शिकवलं,
कॉलेजनं नाही.

मार्च. रात्रीचे पावणेदोन.
आष्टीच्या वळणावर संत्र्यांचा मेटॅडोर उलटलेला.
क्लीनर पोरगं आतल्या खाटेवर, हनुवटीला सात टाके,
मुठीत अजून एक संत्रं.
ड्रायव्हर माझ्यासमोर स्टुलावर,
शालिक नेहारे, वय एकेचाळीस,
सरळ.

सरळ म्हणजे खरंच सरळ.
फरशीच्या रेषेवरून चालून दाखवलं,
गाडीचा नंबर सांगितला, संत्र्यांचे कॅरेट सांगितले,
वर मलाच धीर दिला :
“शीर जाड हाये माही, मॅडम,
डोये मिटून भेटन तुम्हाले.”

माहीत होती मला ती शीर.
अकरा वर्षांपूर्वी जावेच्या बाळंतपणात
ह्यानंच वर्ध्याला येऊन बाटली दिली होती,
ओ निगेटिव्ह,
आणि मिळालेला बिस्किटाचा पुडा
“पोट्टीच्या मायले द्या” म्हणून ठेवून गेला होता.
रक्त चार महिन्यांत सगळं नवं होतं,
मी शिकलेय ते. तरी.

आता पाच मिली.
करड्या बुचाची नळी, लाखेचं सील,
फॉर्मवर अंगठा, सही येत असूनही.
फ्रिजमध्ये जागा एवढीच होती,
सापाच्या लशीशेजारी.

आमचा जिल्हा कोरडा, माझ्या जन्माच्या आधीपासून.
नदीपलीकडचा ओला.
अलीकडं झुडपांत मोहाचा सडवा फुगतो,
पोलीस येतात, ड्रम उपडे करतात, फोटो काढतात,
आणि त्या संध्याकाळी
नाल्यावरून परतणाऱ्या म्हशी
जरा तिरप्या चालतात.

नागपूरहून अहवाल जुलैत आला.
शंभर मिलीत दोनशे बारा मिलिग्रॅम.
कायद्याला तीस पुरतात.
दीडशेला नवखा माणूस ओकतो, भिंतीशी भांडतो,
पुढं आडवा होतो.
हा दोनशे बारावर कॅरेट मोजत होता.
मी आकडा पुन्हा वाचला.
इतकं न डुलायला
किती वर्षं लागली असतील,
किती सकाळी, चहाच्याही आधी.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तो परत आला.
आला म्हणजे रंभानं आणला, शेजाऱ्याच्या ऑटोत.
लेकाच्या लाकडी नंदीवर हात ठेवून शपथ घेतली होती म्हणे,
त्याला तिसरा दिवस.
घाम गोधडीतून झिरपत होता.
बोटं चादरीवरून काहीतरी उचलत होती,
उचलून कडेला ठेवत होती,
“येचा रे, येचा, चाकाखाली जाते पाय,”
पांढऱ्या चादरीवर, जिथं एकही संत्रं नव्हतं.
मग फिट आली.

“सोडली ना जी त्यायनं,” रंभा मला विचारत होती,
“थेंब नाही तीन दिवसांत. मंग हे कायचं?”
काय सांगू, की सोडायलाही इथंच यायचं असतं,
हळूहळू, गोळ्यांच्या आधारानं,
की शपथ मनाला कळते, नसांना नाही.
आज आकडा कुणी मागितला नव्हता.
मागितला असता तर शून्य आला असता,
आयुष्यातला पहिला स्वच्छ अहवाल,
आणि डॉक्टर एकशेआठला फोन लावत होते.

साखर, सोडियम, बाकीचं नेहमीचं.
मी स्पिरिटचा बोळा घेतला. हात थांबला,
मग आठवलं, आज चालतं.
पुसलं.
वास पसरला खोलीभर, थंड, गोडसर.

दाराशी पोरगं चाकाचा नंदी उलटा धरून उभं होतं.
शालिकनं डोळे उघडले नाहीत,
पण मान वळवली,
जसं अंगावरचं मूल झोपेत वळतं,
माझ्या कापसाकडं.