पापणीचा केस

निझव्यात शुक्रवारी सगळं बंद.
अळ्यांना तेवढी सुट्टी नसते,
म्हणून मलाही नाही.

मिलिमीटरभर लांबीच्या,
एका बशीत साठ.
आत वीस अंश, बाहेर चव्वेचाळीस.
डावीकडच्या बशांना नुसतं अन्न,
उजवीकडच्यांना त्यातच डाळिंबाच्या सालीचा अर्क,
जबल अखदरच्या डाळिंबांचा,
जी खलफान बिन सुवैद पिकअपच्या मागे
ओल्या गोणपाटाखाली घालून आणतो.

जिवंत की मेलेली, ते पाहायची रीत अशी:
पापणीचा केस काडीच्या टोकाला चिकटवायचा
आणि अळीच्या तोंडापाशी हळूच टेकवायचा.
हलली तर जिवंत.
तीनदा टेकवून नाही हलली
तर वहीत फुली.
तारेनं इजा होते, पापणीनं होत नाही.

केस माझाच आहे.
चिपळूणला शाळेत असताना असा केस गळला की
मुठीच्या पाठीवर ठेवायचा, डोळे मिटायचे,
काहीतरी मागायचं, आणि फुंकर.
सायकल मागितली होती. गणितात पस्तीस मागितले होते.
कुणी जगावं, हे तेव्हा मागावं लागत नव्हतं.

खलफान मला दुक्तूरा म्हणतो.
मी डॉक्टर नाही, हे सहा वर्षं सांगते आहे.
त्याच्या ओळखपत्रावर जन्मतारीख एक जानेवारी,
त्याच्या गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांची तीच.
आई म्हणायची, टोळधाड आली त्या साली झालास.
टोळधाड तीनदा आली होती.

गेल्या आठवड्यात पेट्या उतरवताना त्यानं विचारलं,
साल तर आम्ही कातडी रंगवायला वापरतो,
तुम्ही तिच्यात काय शोधता?
मी मोडक्या अरबीत सांगितलं,
तिच्यातलं एक द्रव्य आतड्यात उतरतं,
तिथले जंतू त्याचं दुसरंच काही बनवतात,
आणि ते पेशींतली झिजलेली यंत्रं
मोडीत काढायला लावतं,
भंगारवाला येऊन गेल्यासारखं.
पण ते जंतू सगळ्यांच्या पोटात नसतात.
एकच डाळिंब दोघांनी खाल्लं
तरी एकाला लागू पडेल, एकाला नाही.
'रिझ्क,' तो म्हणाला.
ज्याच्या त्याच्या वाट्याचं.

मग, अळ्या किती जास्त जगतात?
अठराचे एकवीस झाले. तीन दिवस.
तो हसेल असं वाटलं होतं.
त्यानं पेटी खाली ठेवली, कंबर सरळ केली.
'त्या तीन दिवसांत त्या करतात काय?'

वहीत तो रकाना नाही.

आप्पांचा डाव्या हाताचा कित्ता रोज फोनवर येतो.
झटक्यानंतर उजवा गेला तो गेलाच.
चौऱ्याहत्तराव्या वर्षी चौरेघी वही,
आई फोटो काढते, तिचा अंगठा कोपऱ्यात.
खाली दोन ओळी: आज अर्धी भाकरी जास्त.
डाळिंब सोलून दिलं, बिया थुंकल्या.
काल ह पर्यंत आलेत.

आज मोजणी उरकली आणि उठले नाही.
भिंगाखाली एकोणिसाव्या दिवसाची एक,
उजवीकडच्या बशीतली.
अंडी घालून झालेली, पुढे गाठायचं काही नाही.
डोकं थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे,
मग सगळं अंग वळवून मागे,
आगरवर आपलीच रेघ ओढत.
थांबली. मला वाटलं, संपली.
केस उचलला,
आणि टेकवायच्या आतच ती पुन्हा निघाली,
त्याच वळणावरून, जरा खाली.

मी समासात पेन्सिलीनं लिहिलं,
दिवस एकोणीस: ळ काढला. दोनदा. दुसरा बरा.

रविवारी सुहैला वही तपासताना विचारेल,
हे काय आहे?
अक्षर आहे, सांगेन.
तुझ्या भाषेत नाही ते. इंग्रजीतही नाही.
आमच्याकडेसुद्धा अगदी शेवटी शेवटी येतं.