फिकट प्रत

पुस्तक काउंटरवर आलं तेव्हा मी आधी पानं मोजली.
दोनशे चार, त्यातली दीडशे तरी काळीच.
म्हणलं, पोरा, अख्खी बाटली पिणार टोनरची
तुझा हा व्हिलन.
तौफिक बागवान, अहमदपूरचा, नीटचा तिसरा अटेम्प्ट,
म्हणाला, काका, सगळं होस्टेल थांबलंय,
मूळ प्रत एकच, सोमवारी पुण्याला परत द्यायची.

मग झेरॉक्सवाला जे करतो ते मी केलं,
गडदपणाचा काटा दोन घरं खाली.

गोष्ट अशी की एका शहराला एक उडणारा माणूस आहे.
तो धड दिसतच नाही. एखादा बूट,
गच्च्यांवरून सरकलेली सावली,
वर झालेल्या माना.
आणि खाली काजळ्या,
जो रस्त्यावरचे दिवे खातो,
लिंबासारखे मुठीत पिळून, एकेक.
का खातो, लिहिलेलं नाही.

त्यावरूनच भांडणं. माझ्या दुकानात, गर्दीच्या वेळी,
फिजिक्सच्या नोट्स हातात धरून.

प्रणिता घोणसे म्हणाली, कारण दिलं असतं
तर मी त्याला माफ केलं असतं,
आणि मला नव्हतं करायचं.
एकानं सरळ सांगितलं, पैसे वाया,
मारामारी सगळी मिळून साडेतीन पानं.
मुळे सरांनी वर्गात एक प्रत जप्त केली,
चार दिवसांनी परत दिली, बोलले काही नाहीत,
पण पान एकशे बाराचा कोपरा दुमडलेला होता.
मेसच्या सोजरबाई डब्यासोबत आलेली प्रत चाळून म्हणाल्या,
ह्याला कुणी जेवायला वाढतं का नाही?
पोरं लई हसली.

शिवमूर्ती बाइंडर वाचत नाही.
तो फॉर्म शिवतो, मागचे पुढे, पुढचे मागे.
त्याला विचारलं तर दोरा दातानं तोडत म्हणाला,
बघितलं की मी सगळं.
पण ह्याचं वाईट कुठून सुरू होतं
ते पान काय माझ्या हाताला लागलं नाही.

आता पान सत्त्याऐंशी.
मूळ पुस्तकात ते पूर्ण काळं आहे,
खाली एकच शब्द: बस.
ज्यांनी मूळ वाचलं ते म्हणतात, इथं तो थकला,
बस, पुरे झालं, इथून पुढं शेवट.
ज्यांनी माझी झेरॉक्स वाचली
ते म्हणतात, कसला शेवट?
तो तर जमिनीवर मांडी घालून बसलाय,
समोर दोन ताटं.
एक त्याचं. दुसऱ्यासमोर कुणी नाही.
बस, म्हणजे ये, बस.

तौफिकनं दोन्ही आणून काचेवर शेजारी ठेवली.
काका, तुम्ही काढलं का हे चित्र?
मी म्हणलं, मला साधा आंबा काढता येत नाही.
शाईखाली शाई असते, बाबा,
कुणीतरी आधी ताटं काढली,
मग स्वतःच्याच हातानं वरून काळं ओतलं.
का, ते मला नको विचारू.
तो बराच वेळ वाकून बघत राहिला.
मागं हॉल तिकिटाची रांग ओरडत होती.

तेव्हापासून गिऱ्हाईकं दोन तऱ्हेची.
एक म्हणतात, मुळासारखी द्या, काळीकुट्ट,
पानाला रुपया जास्त घ्या.
दुसरी हळूच म्हणतात, ती फिकटवाली आहे का?
सोजरबाईंनी एक फिकट नेली. पैसे देऊ केले, मी घेतले.

एका रात्री शटर अर्धं ओढून
मी काटा आणखी एक घर खाली केला.
दुसरं ताट कुणाचं, एवढंच बघायचं होतं.
मशीन गुरगुरलं, पान आलं, गरम.
ताटं नव्हती. काजळ्याही नव्हता.
पांढऱ्यावर खाली तेवढं राहिलं होतं,
बस.

ते पान टाकलं नाही.
पाठीमागं उधारीचा हिशोब लिहितो त्याच्या.
बागवान, तौफिक: एकशे ऐंशी बाकी.