थप्पी

खसखस आणली पाव किलो.
तात्यांनी पुडी तळहातावर धरली, डोळे मिटले.
"दहा ग्रॅम कमी आहे."
वरच्या मजल्यावरच्या मिनिमोलकडे छोटा वजनकाटा आहे,
त्यावर ठेवून पाहिली.
नऊ.

छत्तीस वर्षं. आधी मशीद बंदर, मग वाशीचा मसाला बाजार.
ट्रकमधून गाळ्यात, गाळ्यातून ट्रकमध्ये,
पाठीवर धणे, मिरी, हळकुंडं, आणि ही.
लोक हसले की खसखस पिकते म्हणतात.
आमच्या घरात ती वाहिली जायची,
पन्नास किलोच्या पोत्यातून, वाकून.

रात्री कोपरखैरण्याच्या या खोलीत
आई त्यांचा सदरा वर्तमानपत्रावर झटकायची.
शिवणीत, खिशाच्या तळाशी, दुमडलेल्या बाहीत
जे काही पांढुरकं निघेल
ते खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत.
दिवाळीच्या अनारशांना तेवढंच.
अनारशाला ती एकाच बाजूला लागते, हे बरं होतं.

स्वरालीला वाढदिवसाला केक नको होता.
थंड पाहिजे, थराथरांचं, आणि घरात केलेलं.
म्हणून हे सगळं.

रात्रभर भिजवली, तरी मिक्सरमध्ये
नुसती गरगरत राहिली, वाटली जाईना,
भांड्याच्या अंगाला चिकटून वर चढली.
"दूध घाल पळीभर," आई म्हणाली, "आणि थांब जरा.
ती घाईनं ऐकत नाही."
मग नारळाचं दूध, गूळ, जायफळ, मंद आच.
हात भरून आला तेव्हा कुठे
उलथन्यावरून पडताना ती विचार करायला लागली.

पंख्याखाली निवत ठेवली. चक्का फेटला.
मिनिमोलचाच काचेचा ट्रे पुसून घेतला.
"आता थर लावायचे," मी म्हणालो.
"किती थर? आणि वर कोण चढणार?" आईनं विचारलं,
आणि तेव्हा मात्र
खरोखरच पिकली.

ग्लुकोजची बिस्किटं दुधात बुडवून
मी एकीवर एक ठेवत होतो. तात्या मागे उभे.
"ढासळणार."
"अहो तात्या, गोड आहे हे. गोदाम नाही."
"थप्पी ती थप्पी."
त्यांनी हात धुतले. बाह्या सारल्या.
पहिली ओळ उभी, तिच्यावर खसखस, वर चक्का.
दुसरी ओळ आडवी.
"सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही.
सांध्यावर सांधा आला
की खालचा माणूस जातो."

कुणाचं तरी नाव ओठावर आलं असावं.
घेतलं नाही. एक बिस्कीट अर्धं मोडून
कोपऱ्यात नीट बसवलं.
लोखंडी आकड्याचा घट्टा पडलेली ती बोटं,
त्यांत भिजलेलं बिस्कीट.
एकही तुटलं नाही.
शेवटी भाजलेली खसखस वरून भुरभुरवली,
जरा जास्तच.

नऊला वीज गेली.
स्वराली दर पाच मिनिटांनी फ्रिजकडे.
तात्यांनी स्टूल ओढलं, दाराला पाठ लावून बसले.
"उघडलंस की गारवा पळाला."
अंधारात तिला मोजणी शिकवली,
पहिल्या पोत्याला एक म्हणायचं नसतं, लाभ म्हणायचं.
लाभ, दोन, तीन.
एक्केचाळीसला ती झोपली, सव्वाअकराला पंखा फिरला.
ते तिथेच बसून होते.

सकाळी सुरी घातली. काप सरळ उभा राहिला,
वाटीत गेला तरी आडवा-उभा तसाच.
दोनदा घेतलं त्यांनी. म्हणाले,
"बरंय. गूळ जरा पुढे आहे."

दुपारी सदऱ्यासकट सोफ्यावर आडवे झाले.
एरवी झोप लागत नाही म्हणून तक्रार,
आज घोरत होते.
बाहीच्या घडीत चार-पाच पांढरे ठिपके.
आई आली, वाकली,
सवयीनं बाही झटकली.

खाली वर्तमानपत्र नव्हतं.