चाळीस ग्रॅम

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, मासळीच्या शेडसमोर
उमेदवार म्हणाला, निवडून द्या,
किलोच्या आतला गांजा गुन्हा राहणार नाही,
आणि त्यापायी आत गेलेत त्यांना माफी.
किलोच्या आतले, हे तो दोनदा बोलला.
माइक मध्येच शीळ घालत होता.

दुसऱ्या दिवशी दुसरा पक्ष.
त्यांच्या बाई म्हणाल्या, पोरं वाळूत लोळत पडली
तर पहाटे होडी कोण लोटणार, यांचा आमदार?
लोक हसले. मीही हसलो.
मला दोघांचंही पटलं होतं,
पण असं कुणाला सांगता येत नाही इथे,
लगेच विचारतात, मग मत कुणाला?

टपरीवर धुरी मास्तर ग्लास आपटून म्हणाले,
शिवरात्रीला भांग पिता ती कुठल्या झाडाची?
पान चालतं, फूल चालत नाही.
म्हणजे आंब्याचा टाळा तोरणाला लावा
आणि मोहोर हातात सापडला तर बेडी!
यासीन बर्फवाला कोपऱ्यात बसून होता.
म्हणाला, माझ्या पुतण्याला रत्नागिरीला नेऊन ठेवलाय,
आरशात बघून भांडतो.
त्याचं काय करताय ते पण सांगा, मास्तर.
मग कुणीच बोललं नाही थोडा वेळ.
टपरीवाल्याने स्टोव्हला पंप मारला.

मी तर आधीपासूनच गप्प होतो.

पाच वर्षं झाली. नारळी पुनव होऊन आठवडा.
हवालदार शेडमध्ये आले, म्हणाले, चौकीतला काटा बिघडलाय,
तुझी तागडी आण, आणि पंच म्हणून सहीही कर.
जेट्टीच्या पायऱ्यांवर अंकुश मोरजे बसवलेला,
तेवीस वर्षांचा, जाळी शिवणाऱ्यांत हात सगळ्यांत हलका.
पिशवी होडीच्या नाळेखाली सापडलेली.
तो मला एवढंच म्हणाला,
"काका, पिशयी वली आसा."
ओली होतीच. खारं पाणी निथळत होतं.
पिशवीसकट पारड्यात ठेवली.
एक किलो चाळीस ग्रॅम.
हवालदाराने आकडा मोठ्याने वाचला,
मी खाली सही केली, वळणदार,
लिलावाच्या वहीत करतो तशी.

आता जे सांगतो ते बायकोलाही ठाऊक नाही.
माझ्या तागडीच्या मासळीच्या पारड्याला, खालून,
मेणाने चिकटवलेली
जाळ्याची शिशाची गोळी होती.
साठ ग्रॅमची.
बांगडा, सौंदाळे, पेडवे, कित्येक वर्षं
सगळं गाव माझ्याकडून साठ ग्रॅम कमी घेऊन जात होतं.
त्या दिवशी बोललो असतो तर
दंड झाला असता. शेडमधली जागा गेली असती.
आणि मला काय माहीत, किलोच्या अलीकडे एक कायदा
आणि पलीकडे दुसरा?
हे मी स्वतःला सांगतो.
वकिलाने कोर्टात सांगितलं तेव्हा कळलं,
आणि तेव्हाही मी बाकावरच बसून राहिलो.

पुढच्या आठवड्यात नवा इलेक्ट्रॉनिक काटा घेतला.
तागडी पोटमाळ्यावर टाकली, वर फाटकं जाळं.

काल अंकुशची आई आली, सुमतीबाई.
महिन्यातून एकदा कळंब्याला जाते, पहाटेच्या एसटीने,
डब्यात सोलकढी नेते, आत घेत नाहीत, तरी नेते.
पातळाच्या ओच्यातून कागद काढला,
प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला पंचनामा.
"तुमची सही आसा मां हेच्यार?
सभेत बोलले ता आयकलंय.
माझो झील किलोच्या आतलो, की भायलो?"

माझ्या हातांना बांगड्याचं पाणी होतं.
कागद तसाच धरला.
माझ्या नावाची शाई पसरू लागली
तेव्हा तिनेच ओढून घेतला,
म्हणाली, भिजवू नका, येकच आसा.

उत्तर दिलं नाही. तिला अर्धा किलो पेडवे दिले,
पैसे नको म्हटलं. तिने मोजून ठेवले.

संध्याकाळी शेजाऱ्याकडे शिडी मागितली.
आता कशाला, म्हणाला, अंधार पडलाय.
म्हटलं, पोटमाळ्यावर एक वजन राहिलंय.