आस

भोईपुऱ्यात पहाटे साडेचारला
आंध्राच्या ट्रकमधून बर्फाच्या पेट्या उतरतात
आणि त्यांच्या कडेला, ओल्या पोत्यावर,
आपल्याच तलावांतली बोटुकली:
रोहूची, कतल्याची, खरंच बोटाएवढी.
ढीग पन्नास रुपये.
कुणी वाळवतं, कुणी कोंबड्यांना घालतं.
पार्बताबाई मला पाहते
आणि पोत्याचं टोक हळूच वर ओढते,
झोपलेल्या लेकरावर चादर ओढावी तसं.

मी खात्याची बाई.
पर्समध्ये स्टीलची पट्टी, पंचनाम्याचे कोरे कागद,
चपलेला कालच्या तलावाचा चिखल.

नियम तसा सोपा आहे.
जाळं ओलं करायचं, एक आस निवडायचा,
समोरासमोरच्या दोन गाठी ताणायच्या,
मधे पट्टी धरायची.
खुणेपेक्षा कमी भरलं, जप्त.
मोठा मासा अडकेल, लहान निघून जाईल,
पुढच्या वर्षी मोठा होऊन येईल.
कागदावर तो आस, पुल्लिंगी.
माझ्या आईच्या तोंडी ती आस,
आणि ती मोजायला कुणी आलं नाही.

रामटेकच्या अलीकडे, तलावावर, सात वाजता
उपासराव नान्हे डोंग्यातून उतरले.
जाळं खांद्यावरून वाळूत सोडलं:
पाणकावळा, मान पिळवटलेली, रात्रीच मेलेला,
वाटीएवढी दोन कासवं,
काटा नायलॉनात रुतलेला एक शिंगाळा,
ज्यांचं नावही कुणी विचारत नाही अशी मूठभर पिल्लं
आणि विकण्याजोगं, दीड किलो.

"मोज," म्हणाले. "मोजाचंच हाये तं मोज.
मांगच्या साली लावलं होतं तुमचं मोठ्या आसाचं.
रातभर पानी गाळलं नुसतं.
मोठे मासे हायेत कुठी, वो बाई?"

मोठे मासे का नाहीत,
ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.
मी बसले. ओढलं. बत्तीस.
आणखी एक. एकतीस.
कडेला आले आणि अंगठा थांबला.

तिथली गाठ उलटी फिरलेली होती.

मी डावखुरी.
उन्हाळ्याच्या सुट्टीत, याच माणसाच्या ओसरीवर,
बांबूच्या कामटीवर दोरा ओढत
मी आस विणले, वय वर्षं दहा.
"वच्छी, तुयी बोटं बारीक,
लहान आस तूच विन,"
आणि शंभर गाठींना एक बर्फकांडी, लाल.
जाळं इतकी वर्षं टिकत नाही, माहीत आहे.
जुन्या जाळ्याची धड कड
नव्या जाळ्याला शिवतात.
अशी ती आली होती, जाळ्यामागून जाळं,
माझ्यापर्यंत.

त्यांनी पाहिलं की मी पाहिलं.
"मधली गाठ सोडून दे न," म्हणाले,
"दोनाचा एक होते. झाला तुया नियम."
हसले. एक गाठ सोडली
की शेजारच्या चार सुटतात,
हे त्यांनीच शिकवलं होतं मला.

पंचनामा मांडीवर लिहिला.
जाळे, नायलॉन, हिरवे. आस बत्तीस मि.मी.
पंच क्रमांक एक, सोसायटीचे सचिव, यांची सही,
दोन, चहावाला, अंगठा.
विणणाऱ्याच्या नावाचा रकाना नसतो.

एक कासव सोडलं तसं पाण्यात गेलं.
दुसऱ्यानं मान आत घेतली
आणि माझ्या पट्टीशेजारी
दगडासारखं बसून राहिलं.
उपासराव बिडी न पेटवता नुसती चावत होते.

कात्री माझीच होती.
ती कड कापली, गुंडाळली,
लांबीच्या रकान्यात एक हात कमी लिहिलं.

परतीच्या एसटीत कामठीपर्यंत उभीच.
पर्स पोटाशी.
आत स्टीलच्या पट्टीभोवती तो तुकडा
अजून ओला.
शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला,
मी खिडकीबाहेर बघत राहिले.