फुफ्फुस

माझ्या बापाच्या नावातच दोन भाषा होत्या:
दगडूमियाँ.
आधीची तीन लेकरं गेली, म्हणून दादीनं
शेजारच्या गिरजाबाईचं ऐकून
चौथ्याला दगड म्हटलं,
आणि मौलवींनी मागं मियाँ जोडून दिलं.
सेलूत कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.
अब्बा गाद्या पिंजायचे.
खांद्यावरच्या कमानीची तात
दारोदार एकच शब्द बोलायची,
तो ना आमचा, ना गिरजाबाईचा.

घरात आम्ही म्हणायचो नक्को,
उंबऱ्याबाहेर नको.
अर्ध्या क चा फरक.
मला बरीच वर्षं वाटायचं,
घरात नकार जरा जोर लावून द्यायचा असतो.
आणि अम्मीचं ते ऐसाच, अभीच, तूच.
हा च कुणी कुणाला उसना दिला
आणि परत मागितला का,
आजही वर्गात कुणी विचारलं
तर मी खांदे उडवते.

वही एकच परवडायची.
डावीकडून शाळा, उजवीकडून मक्तब.
दिवाळीपर्यंत दोन्ही बाजू
सरकत सरकत पिनांपाशी यायच्या.
मधलं पान अम्मीचं:
दुधाच्या रेघा, चार उभ्या, एक आडवी.
तिला कुठूनच लिहिता येत नव्हतं.

चौथीत होते. अब्बांचा खोकला थांबेना.
परभणीच्या सरकारी दवाखान्यात
अम्मीनं मला पुढं ढकललं,
"पूछ, क्या बोलरै डाक्टर."
अब्बांवर तिचा भरवसा नव्हता,
दुखणं लपवायचे ते, गूळ लपवावा तसं.
डॉक्टरांनी काळा फोटो खिडकीला धरला.
फुफ्फुसं खराब झालीत, म्हणाले, दोन्ही.
कापसाची धूळ. हे काम बंद करायला सांग.

फुफ्फुस.
शब्द नवा होता.
इतका हलका, फुंकर मारल्यासारखा,
मला वाटलं कापसाचाच कुणी नातेवाईक असेल.
मी अम्मीकडं वळले आणि म्हणाले,
"छाती में रूई जमी बोलरै. पिंजे तो निकलती."
काम बंद, हे सांगायचं राहिलं.
राहिलं म्हणजे, मी राहू दिलं.
बाहेर चहाच्या गाड्यावर
अम्मी किती दिवसांनी हसली.

आणि अब्बा? बाकावरच बसलेले होते.
पंचक्रोशीतल्या बायकांशी घासाघीस करून
त्यांची मराठी माझ्या गुरुजींपेक्षा पक्की होती.
त्यांनी सगळं ऐकलं, डॉक्टरांचं, आणि माझंही.
काही बोलले नाहीत.
पॅसेंजरमध्ये माझ्या डोक्यावर हात ठेवून
खिडकीबाहेर बघत राहिले.
त्यानंतर तीन हिवाळे त्यांनी कमान उचलली.

आता मी मानवतला, उर्दू शाळेत मराठी शिकवते.
फळा ओल्या फडक्यानं पुसते.
मुलं हसतात, बाई फळ्याला अंघोळ घालतात.
माझा आई असं लिहिलेलं दिसलं
की लाल पेन लगेच उघडत नाही.
त्यांना ते कळत नाही. तो कळतो, ती कळते,
"ना मर्द ना औरत, तो फिर कौन, बाई?"
मी म्हणते, थांबा, येईल. मलाही उशिरा आलं.

परवा श्रुतलेखनात तो शब्द घातला.
धड्यात नव्हता.
लुबनानं फुफुस लिहिलं.
अडीच फ आहेत, मी म्हणाले, मधला अर्धा
सोडायचा नाही.
मग सगळ्यांना छातीवर हात ठेवून
श्वास घ्यायला लावला, आणि सोडताना म्हणायला.
घरी याला काय म्हणतात, विचारून या.

दुसऱ्या दिवशी आले:
फेफडा. फेपडा. एक साँस की थैली.
वीटभट्टीवरचा अझरुद्दीन उठला, चप्पल घासत,
"हमारे घर में उसकू बोलतेच नै, बाई."

मी तेही फळ्यावर लिहिलं.
च सकट.